साखरेचं पाणी आणि तीन चकरा

इंदूरमध्ये राहून गरोदरपणात वजन आवरायचं म्हणजे रोज सकाळी पोहे-जलेबीच्या ठेल्यावरून तोंड फिरवून जायचं. मला ते जमलं नाही. सुरुवातीला वजन ६८ किलो, उंची पाच फूट दोन, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) २७च्या पुढे. डॉक्टरबाईंनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं की नऊ महिन्यांत सात ते साडेअकरा किलोच वाढू दे. घरी सासूबाई म्हणायच्या, "दोघांचं खायचंय तुला," आणि वाटीत आणखी शिरा पडायचा. सव्विसाव्या आठवड्यात काटा ७७वर!

पहिल्या तिमाहीत रक्तातली साखर ठीक आली होती, म्हणून मी निर्धास्त. पण वारेतल्या हार्मोन्समुळे इन्सुलिनचा जोर पुढच्या महिन्यांत कमी पडतो, त्यामुळे चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांत गरोदरपणातल्या मधुमेहाची तपासणी परत करतात.

आता ती लॅब. चिठ्ठीवर स्वच्छ लिहिलेलं: ७५ ग्रॅम ग्लुकोज, दोन तासांनी रक्त, उपाशी यायची गरज नाही. सरकारी सूचनांतली पद्धतही हीच, गरोदर बाईला ताटकळत उपाशी बसावं लागू नये म्हणून. मी पोहे खाऊन गेले. काउंटरवरचा मुलगा चिठ्ठी न वाचताच म्हणाला, "मैडम, खाली पेट आना था." मी ओळीवर बोट ठेवलं. त्यानं स्क्रीन माझ्याकडे वळवली. "सिस्टम में फास्टिंग वाला ही है." परत घरी.

दुसऱ्या दिवशी साडेसातला उपाशी हजर. नंबर लागला पावणेदहाला. स्टीलच्या ग्लासात कोमट पाणी, तळाशी पावडर अजून विरघळायचीच होती. पोटात आग पडलेली, म्हणून मी ते घटाघट प्यायले आणि बाविसाव्या मिनिटाला सगळं बेसिनमध्ये. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली की त्या दिवशीची तपासणी बाद, दुसऱ्या दिवशी नव्यानं. नियम मान्य! पण पावती पण नव्यानं? ह्यांचा तिथे आवाज चढला, माझे डोळे भरून आले, पैसे पुन्हा भरावेच लागले. एक सांगते, पाच-दहा मिनिटांत घोट घोट प्या, आणि लिंबू पिळलेलं चालेल का ते आधी विचारा. तिसऱ्या दिवशी लिंबामुळेच निभावलं. नंतर दोन तास एका जागी बसा, वेळ मोजायला घड्याळ आपलं ठेवा.

आकडे आले उपाशीपोटी ८६, ग्लुकोजनंतर एका तासानं १७१, दोन तासांनी १४८. रिपोर्टवर छापलेल्या मर्यादा ९२, १८० आणि १५३, सगळं आत! नणंदेनं फोनवर पार्टी मागितली. डॉक्टरबाईंनी मात्र १४८ला गोल केला. चिठ्ठीवरच्या पद्धतीत दोन तासांच्या आकड्याला त्या धरतात ती रेघ १४०ची. दोन पद्धती, दोन रेघा, आणि लॅबनं न मागितलेली छापली होती. तेव्हा रिपोर्टच्या कागदावर खूश होऊ नका, तो डॉक्टरांना दाखवा.

पुढचं तसं सोपं गेलं. जलेबी आणि साबुदाणा बंद, पोहे अर्धी प्लेट आणि वर मोड आलेले मूग, जेवणानंतर वीस मिनिटं कॉलनीत फेऱ्या. ग्लुकोमीटरवर उपाशीपोटी ९५च्या खाली, जेवणानंतर दोन तासांनी १२०च्या खाली, हे दोन आकडे पाठ झाले. नाश्त्यानंतरचा आकडा सगळ्यात हट्टी. दोन आठवड्यांत आटोक्यात आलं नसतं तर गोळी किंवा इन्सुलिन होतं, ते टळलं. हो, शेवटी वजन ७९वर थांबलं.

बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी करतात, ती कुणी चुकवू नका. मी दुसऱ्या लॅबमध्ये गेले. यावेळी खरंच उपाशी जायचं होतं. बाळाला आईकडे ठेवून पोटात कावळे ओरडत काउंटरवर उभी राहिले, तर तिथल्या मुलीनं खाल्लंय का एवढंही विचारलं नाही.