ठेकेदार की कामगार : एका फरशी मेस्त्रीचा अनुभव

बारा वर्षे मी स्वतःला ठेकेदार म्हणवून घेत होतो. फरशी बसवण्याचे काम मी फुटाच्या दराने अंगावर घेत असे, माझ्या हाताखाली एक कारागीर आणि एक बिगारी असे आणि बिल माझ्या नावाने निघत असे. त्यामुळे कोणी मला कामगार म्हटले असते तर ते मला रुचले नसते. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदवून घ्या, असे आमच्या गावाकडचा एक गवंडी दर दिवाळीला सांगायचा. वय १८ ते ६० च्या दरम्यान असावे आणि मागील बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला असावा, एवढीच मुख्य अट होती. ‘ते बिगाऱ्यांसाठी असते’ असे म्हणून मी तो विषय दरवेळी उडवून लावला.

फेब्रुवारी २०२१ मध्ये पुण्यातील एका बांधकामावर बाल्कनीच्या कडेला ग्रॅनाइटची पट्टी बसवत असताना पायाखालची घोडी सरकली आणि मी पहिल्या मजल्यावरून खाली पडलो. उजव्या टाचेचे हाड चुरले. तेव्हा माझे वय ४० वर्षे होते. रुग्णालयाच्या कागदांवर ‘साइटवर काम करताना पडून इजा’ अशी नोंद झाली. ती नोंद पुढे किती उपयोगी पडणार आहे, याची मला त्या वेळी कल्पना नव्हती.

पहिल्या शस्त्रक्रियेचा काही खर्च बांधकाम कंपनीने दिला. त्यानंतर मी नुकसानभरपाईबद्दल विचारले, तेव्हा कार्यालयातील साहेब शांतपणे म्हणाले, “मेस्त्री, तुम्ही आमचे कामगार नाही, ठेकेदार आहात. विमा आहे तो कामगारांचा.” त्यांच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता, किंबहुना बारा वर्षे मी जे सांगत आलो होतो, तेच ते मला ऐकवत होते.

ज्या वकील मॅडमकडे मी गेलो, त्यांनी कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ समोर ठेवून पहिल्याच भेटीत एक विचित्र गोष्ट दाखवली. कलम १२ प्रमाणे, एखाद्या धंद्याचे नेहमीचे काम ठेकेदाराकडून करून घेतले जात असेल आणि ठेकेदाराच्या माणसाला इजा झाली, तर त्या माणसाला मूळ मालकाकडून भरपाई मागता येत असे. म्हणजे माझ्याऐवजी माझा बिगारी पडला असता, तर कंपनीला ‘तो आमचा नव्हे’ असे म्हणून सुटता आले नसते. इतकेच नव्हे, तर दिलेली रक्कम ती कंपनी नंतर माझ्याकडून वसूल करू शकली असती. पण पडलो मी. आणि ठेकेदार स्वतः पडला तर त्याला हे कलम छत्र देत नव्हते. म्हणून मी कायद्याच्या अर्थाने ठेकेदार नसून कर्मचारीच होतो, हे सिद्ध करण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता.

अपघातापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागत असे. आमच्याकडे कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच या कायद्याखाली आयुक्त म्हणून काम पाहत. २०२२ मध्ये अर्ज दाखल झाला आणि कंपनीची कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, आली, तेव्हा माझ्याविरुद्धचे बहुतेक पुरावे मीच तयार करून ठेवले होते, हे माझ्या लक्षात आले. वर्क ऑर्डरवर ‘ठेकेदार’ या शब्दाखाली माझी सही होती. प्रत्येक बिलातून ठेकेदारांसाठीच्या आयकर कलम १९४सी खाली टीडीएस कापलेला होता आणि तो परत मिळावा म्हणून मी दरवर्षी विवरणपत्र भरत होतो, त्यातही उत्पन्न व्यवसायाचे दाखवलेले. टेम्पोसाठी कर्ज हवे होते म्हणून २०२० मध्ये काढलेले लघुउद्योग नोंदणीचे उद्यम प्रमाणपत्रही त्यांनी दाखल केले. त्यावर माझे नाव उद्योजक म्हणून छापलेले होते. बिघडलेले काम स्वखर्चाने फोडून पुन्हा करण्याची अटही वर्क ऑर्डरमध्ये होती, आणि नफ्यातोट्याचा धनी मीच होतो, असा युक्तिवाद त्यांनी तिच्यावर उभा केला. तो ऐकताना मलाही तो पटत होता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

मॅडमनी मला कागद बाजूला ठेवून कामाचा एक दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत सांगायला लावला. सकाळी नऊला गेटवरच्या रजिस्टरमध्ये सही, मग सुरक्षेची सूचना, मग साइट इंजिनिअरचा निरोप : “मेस्त्री, आज बी विंग सोडा, ए विंगचे चौथ्या मजल्याचे बाथरूम घ्या.” फरशी, सिमेंट, चिकटवण्याचा मसाला, ग्राउट सगळे कंपनीचे, माझे फक्त कटर, पाणसळ, थापी आणि रबरी हातोडी. उतार कोणत्या बाजूला काढायचा, सांधा किती मिलिमीटरचा ठेवायचा, हेसुद्धा इंजिनिअर ठरवत असे. अपघाताआधीच्या तीन वर्षांत मी दुसऱ्या कोणाचे काम घेतले नव्हते. घेतो म्हटल्यावर ‘मग इथले बिल थांबेल’ असा निरोप आला होता. मोबाइलमध्ये ते सगळे निरोप तारखेसह शाबूत होते. फोन बदलताना ते मी पुसले नाहीत, हा केवळ आळसाचा फायदा.

उलटतपासणीत मुख्य प्रश्न माझ्या दोन माणसांचा निघाला. त्यांना मजुरी मी देत होतो, मग मी त्यांचा मालक नाही का? मी हो म्हणालो, कारण ते खरे होते. त्यावर मॅडमनी युक्तिवादात १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढलेले ध्रांगध्रा केमिकल वर्क्सचे प्रकरण मांडले. सौराष्ट्रातील मिठागरांत मीठ पिकवणारे आगरिया उत्पादनाच्या मापाने पैसे घेत आणि मदतीला स्वतःची माणसेही लावत. तरी ते स्वतः अंगमेहनत करत होते आणि कामावर देखरेख कंपनीची होती, म्हणून न्यायालयाने त्यांना कामगारच मानले. कंपनीच्या वकिलांनी १९५८ च्या चिंतामण राव प्रकरणातील सट्टेदारांचा आधार घेतला. ते ठेक्याने विड्या पुरवत आणि त्या कारखान्याबाहेर वळून घेत, म्हणून त्यांना कामगार मानले गेले नव्हते. शेवटी माझा प्रश्न मी आगरियासारखा की सट्टेदारासारखा एवढ्यावर आला, आणि माझी बाजू उचलून धरली ती गेटच्या रजिस्टरने.

वैद्यकीय पुराव्याचा भाग मला त्याहून अवघड गेला. पायाचे अपंगत्व किती, हा एक आकडा असतो आणि कमाईची क्षमता किती घटली, हा वेगळा. टेबलावर बसून काम करणाऱ्या माणसाचे टाचेवाचून फारसे अडत नाही. फरशी बसवणाऱ्याला दिवसभर उकिडवे बसावे लागते. अस्थिरोगतज्ज्ञांनी साक्षीत हा फरक समजावून सांगितला आणि कमाईच्या क्षमतेतील घट ३० टक्के ठरवली.

२०२४ मध्ये निकाल माझ्या बाजूने लागला. त्यातील हिशेब असा : माझी कमाई अधिक असली तरी कायद्याने धरायचे मासिक वेतन कमाल १५,००० रुपये, त्याचे ६० टक्के म्हणजे ९,००० रुपये, वय ४० साठीचा गुणक १८४.१७, गुणाकार १६,५७,५३० रुपये आणि त्याचे ३० टक्के म्हणजे ४,९७,२५९ रुपये. त्यावर अपघातानंतरच्या एका महिन्यापासून द.सा.द.शे. १२ टक्के व्याज. भरपाई वेळेत न दिल्याचा दंड मात्र लावला नाही, कारण माझ्या दर्जाबद्दलचा वाद खोटा म्हणता येणार नाही, असे आदेशात नमूद आहे. मला ते योग्य वाटले. नोव्हेंबर २०२५ पासून हा विषय सामाजिक सुरक्षा संहितेखाली गेला आहे; त्यामुळे आता अर्ज करणाऱ्याने कलमांचे क्रमांक माझ्यावरून घेऊ नयेत.

मी अजून फरशीचीच कामे घेतो, परंतु उकिडवे बसणे जमत नाही. आता चार मुले काम करतात आणि मी पाणसळ लावून पाहतो, माप घेतो, बिल करतो. चौघांची हजेरी वहीत तारखेने लिहितो आणि त्यांचा विमा उतरवला आहे. त्याचा हप्ता फुटाच्या दरात मिळवताना पहिल्याच साइटवर दोन दिवस घासाघीस झाली. आगरियांना लावलेली स्वतः राबण्याची कसोटी आज मला लावली, तर मी आता खरोखरच ठेकेदार झालो आहे.