पनीर असताना टोफू कशाला?

ऑफिसात डबा उघडला की विचारतात, हळदीकुंकवाला विचारतात, भाऊबीजेला वहिनी विचारते. "पनीर मिळतं की सगळीकडे, मग हे सोयाबीनचं टोफू कशाला?" गेली आठ-नऊ वर्षं मी माणूस पाहून उत्तर देत आले. दूध सोसत नाही म्हणून. प्रोटीन मिळतं म्हणून. घरी करता येतं म्हणून. तिन्ही उत्तरं ऐकून समोरचा थांबून राहतो, कारण त्याला पुढचं वाक्य हवं असतं: "पनीरची सर नाही, पण चालवून घेते." हे वाक्य मी आता म्हणणार नाही. एके काळी म्हणायचे, आणि त्याचं जे झालं तेच आज नीट सांगायचं आहे.

आधी पोटाचं. पस्तिशीनंतर मला दूध पचेनासं झालं हे खरं. पण दही चालतं, तूप चालतं, आणि पनीरमध्ये दुधाच्या मानानं लॅक्टोज ही दुधातली साखर कमीच असते, चार तुकडे खाल्ले तर मला काहीही होत नाही. म्हणजे "पोटासाठी" हे उत्तर पुरतं खरं नव्हतं. ते सोयीचं होतं. आजाराचं नाव घेतलं की लोक वाद घालत नाहीत. मला टोफू आवडतं, एवढं साधं सांगायला मी दुखण्याची आड घेतली.

दुसरा गैरसमज हल्ली नव्यानं आला आहे. भेसळीच्या बातम्या यायला लागल्यापासून लोक टोफूकडेही संशयानं बघतात, "हेच ना ते नकली पनीर?" नाही. हॉटेलांत पनीर म्हणून खपवलं जातं ते ॲनालॉग पनीर दुधाची पावडर आणि वनस्पती तेल वगैरे मिसळून केलेलं असतं. टोफूमध्ये सोयाबीन, पाणी आणि सोयाबीनचं दूध फाडायला लागणारा चिमूटभर पदार्थ, एवढंच. तो पदार्थ चीनमध्ये बहुतेक जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट, जपानात समुद्राच्या पाण्यातून मीठ काढल्यावर उरणारं निगारी, आणि माझ्या ओट्यावर लिंबू किंवा व्हिनेगर. निगारीचं टोफू गोडसर लागतं, लिंबाचं किंचित आंबूस आणि जरा भुसभुशीत होतं. मला लिंबाचंच सवयीचं झालं आहे.

सोयाबीनच्या उग्र वासाबद्दल तक्रार असते, ती रास्त आहे. दाणा भिजवून थंड पाण्यात वाटला की त्यातलं एक विकर तेलाशी झोंबतं आणि तो कच्चा वास सुटतो. म्हणून मी भिजवलेले दाणे आधी उकळत्या पाण्यात टाकते, पाच-सात मिनिटं उकळते आणि गरम पाण्यातच वाटते. मग पंच्यातून गाळायचं, गाळलेलं दूध पुन्हा दहा मिनिटं उकळायचं. इथे हलगर्जीपणा चालत नाही, कारण कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा घटक असतो आणि तो उष्णतेनंच निकामी होतो. शिवाय दूध फेसाळून क्षणात उतू जातं, बुडाला लागतं. उकळी शांत झाली की लिंबाचं पाणी तीन वेळा करून घालायचं, ढवळायचं नाही. पिवळसर निवळी वेगळी होते आणि ढगासारखे कण वर येतात. ते मला आजही दर वेळी बघत उभं राहावंसं वाटतं. मग कापड, चाळणी आणि वर वरवंटा.

ही सगळी विद्या मी शिकले, पण ताटात मात्र वर्षानुवर्षं एकच गोष्ट केली: टोफूला पनीर बनवलं. पालक पनीर, मटर पनीर, पनीर बटर मसाला, सगळ्यांत टोफू. कोणाला कळलं नाही तर मला जिंकल्यासारखं वाटायचं. पाहुणे हात धुऊन उठले की मी जाहीर करायचे.

आता २०२४च्या दिवाळीचं सांगते.

आमची लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यात नऊ एकर कोरडवाहू. माझे वडील, अण्णा, तीस वर्षं सोयाबीन पेरत आहेत. त्या साली हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये. अण्णांचा माल आडतीवर गेला ४,१००नं. सरकारी केंद्राला ओलावा बारा टक्क्यांच्या आत लागत होता, परतीच्या पावसानं दाण्यात ओल होती, आणि मळणीवाल्याचे पैसे थांबणार नव्हते. हे सगळं मला फोनवर माहीत होतं. माहीत असूनही मला तेव्हा फार काही वाटलं नाही, दर वर्षीचंच वाटलं. हेही आज लिहून ठेवते.

आई-अण्णा दिवाळीला पुण्याला आले. पाडव्याच्या दिवशी मी पहाटे चारला उठले. आदल्या वर्षी अण्णांनीच दिलेलं सोयाबीन डब्यात होतं, ते रात्री भिजत घातलं होतं. आई उठायच्या आत वाटून, गाळून, चोथा झाकून ठेवला. दुपारपर्यंत वडी घट्ट झाली. तिचे चौकोनी तुकडे करून तेलात बदामी होईस्तोवर तळले, जरासाही संशय येऊ नये म्हणून. काजूची पेस्ट, टोमॅटो, लोणी, कसुरी मेथी. गावातल्या एका लग्नात अण्णांनी पनीर खाल्लं होतं आणि ते त्यांना फार आवडलं होतं, म्हणून हा बेत.

अण्णांनी दोनदा मागून घेतलं. म्हणाले, "पनीर लई मऊ हाय गं. कुठल्या डेअरीचं?"

ह्याच क्षणासाठी मी चारला उठले होते. म्हटलं, "डेअरीचं नाही अण्णा, आपल्या वावरातलं."

त्यांना कळेना. "म्हशीचं?"

"सोयाबीनचं. तुम्हीच दिलेलं."

माझा मुलगा टाळ्या वाजवायला लागला. त्याला हे आधीपासून माहीत होतं, आम्ही दोघांनी मिळून ठरवलं होतं. अण्णांचा हात वाटीत होता तो तसाच राहिला. ते रागावले नाहीत. वाटीकडे बघत बसले. मग तांब्या ओढून त्यांनी ताटातच हात धुतला. ताटात अर्धी भाकरी होती. या माणसानं अन्न टाकलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. उठताना एवढंच म्हणाले, "सांगून वाढायचं असतंय, माय." आणि गॅलरीत जाऊन बसले.

मी चिडले. त्या रात्री मी नवऱ्याला काय काय म्हणाले ते मला आठवतं. की यांच्या डोक्यात सोयाबीन म्हणजे कोंबड्यांचं खाद्य, लेकीनं कितीही जीव ओतून केलं तरी यांना ते पेंडच वाटणार. आई झोपायच्या आधी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "ते म्हणले, पोरीनं माझी परीक्षा घेतली."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना अण्णा आपणहून बोलले. "तीस वर्षं पेरालोय. आडतीवर मूठभर घेतो, दातानं फोडून बघतो, ओल हाय का नाही कळायला. अन थुकून टाकतो. तेवढंच त्याचं अन माझं." मग पेपर उघडला.

याचा अर्थ मी अजून लावते आहे. त्यांना खोटं बोलण्याचं वाईट वाटलं, असं मी बराच काळ धरून चालले. ते पटण्यासारखं आहे, कारण मी खोटंच वागले होते. पाहुण्यांशीही तसंच वागत होते, त्यात मला काही गैर वाटत नव्हतं. काकूंना थायरॉईडची गोळी असते. सोयामुळे ती गोळी अंगी कमी लागते, म्हणून दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवायला सांगतात, आणि मी त्यांना न सांगता दोनदा जेवू घातलं होतं. सोयाबीनची ॲलर्जी असणारी माणसंही असतात. एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नव्हतं, आणि त्याला कसलीही सबब नाही.

पण कधी वाटतं की तसं नसावं. ज्या पिकानं महिन्याभरापूर्वी त्यांना हात चोळत घरी पाठवलं, त्याच पिकाचा मी गंमतीचा खेळ केला, नातवाला टाळ्या वाजवायला लावल्या. हे लागलं असेल. आणि तेव्हाची मी मात्र अजूनही आतून हुज्जत घालते: आधी सांगितलं असतंस तर त्यांनी घास तरी घेतला असता का? नसता घेतला. दोनदा मागून घेतलं तेही खोटं नव्हतं, त्यांच्या जिभेला ते आवडलंच होतं. यावर माझ्याकडे आज उत्तर नाही.

त्या दिवाळीनंतर घरात टोफूला पनीर म्हणणं मी बंद केलं. "सोया पनीर" सुद्धा नाही. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेत कितीतरी बचत गटांना, तरुणांना हे करायला शिकवलं गेलं ते याच नावानं, आणि लोकांना ओळखीचं वाटावं हा त्यांचा हेतू चांगलाच होता. पण नावानं अपेक्षा बांधली जाते. पनीर म्हणून तोंडात घातलं की टोफू कायम दोन पावलं मागेच राहणार. त्यात दुधाची स्निग्धता नाही, ती शोधणाराचा विरस होतो.

नाव सोडलं आणि माझा स्वयंपाकही मोकळा झाला. चीनच्या सिचुआन प्रांतातल्या चेंगडूचं मापो टोफू एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेलं आहे. त्यात टोफू तळत नाहीत. मऊ टोफूचे तुकडे मिठाच्या गरम पाण्यातून काढतात आणि मग तिखटजाळ रश्शात सोडतात. तिथे ते मांसाच्या खिम्यासोबत शिजतं, त्याच्याऐवजी नाही. कोणाचीही जागा भरायला ते आलेलं नाही. हे वाचलं आणि मला आमची येसर आमटी आठवली, भाजलेल्या धान्य-मसाल्यांच्या पिठाची. मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवलेलं टोफू येसराच्या आमटीत सोडलं, झाकण ठेवलं, आणि तासाभरानं खाल्लं. मसाला आत उतरला होता. मराठवाड्यातल्या माणसाला मी याहून जास्त काय सांगू!

फ्रीजरचीही एक युक्ती आहे. टोफू गोठवून पुन्हा वितळवलं की आतल्या बर्फानं त्याला जाळी पडते, पिळलं तर स्पंजासारखं पाणी सोडतं. जपानात कोयादोफू याच गुणावर करतात, थंडीत गोठवून, मग वाळवून. माझ्याकडे ते पिळलेले तुकडे काळ्या मसाल्याच्या रश्शाला जातात. ताजं मोडकं टोफू हिंग, लसूण, हिरवी मिरची आणि भरपूर कांद्यावर परतलं की भाकरीबरोबर लागतं. चोथा टाकायचा नाही, त्याचं ज्वारीच्या पिठातलं थालीपीठ खमंग होतं. बाजारातलं पाकीटबंद टोफू मात्र वास घेऊन बघा, आंबूस आलं असेल तर परत करा. मी त्याची वकिली करत नाही.

"आपलं नाही हे खाणं" असं म्हणणाऱ्यांना मी पूर्वी तावातावानं सांगायचे की कुमाऊँत काळं सोयाबीन, भट्ट, पिढ्यानपिढ्या शिजतं, नागालँडमध्ये सोयाबीन आंबवून अखुनी करतात, आणि १९३५मध्ये गांधीजींनी वर्ध्याच्या मगनवाडीत आश्रमवासीयांच्या जेवणात सोयाबीनचे प्रयोग केले होते. सगळं खरं आहे. पण लातूरच्या बाजार समितीत ढिगांनी येणारं सोयाबीन आजही तेल काढायला जातं, उरलेली पेंड कोंबड्यांना जाते, आणि ते पिकवणाऱ्याच्या चुलीवर चढत नाही. चाळीस टक्के प्रथिनं असलेला दाणा. मग "आपलं" म्हणायचं ते कशाच्या जोरावर, हा प्रश्न मलाच छळतो.

सोयानं पुरुषांचे हार्मोन बिघडतात का, असं भाऊ नेहमी विचारतो, म्हणून तेही सांगते. पुरुषांवर झालेल्या चाचण्यांची एकत्र छाननी २०१०मध्ये आणि पुन्हा २०२१मध्ये झाली, दोन्ही वेळा टेस्टोस्टेरॉनवर सोयाचा परिणाम आढळला नाही. त्यानं निर्धास्त खावं.

अण्णा टोफू खात नाहीत. मीही आग्रह करत नाही. थालीपीठ खातात, "यात चोथा हाय का?" असं विचारून, आणि हो म्हटलं तरी खातात.

मागच्या महिन्यात फोन आला तेव्हा मध्येच म्हणाले, "एका किलोत किती होतंय गं ते तुझं?"

"दीड किलोच्या आसपास."

"अन दुकानात कितीला?"

"दोनशे ग्रॅमचं पाकीट ऐंशी-नव्वदला, अण्णा."

बराच वेळ काही बोलले नाहीत. ते मनातल्या मनात हिशेब करत होते हे मला कळत होतं, आणि मी तो मोठ्यानं केला नाही. मग म्हणाले, "पाऊस उघडलाय. उद्या फवारून घेतो."