जांघेतली एक गाठ

"एक गाठ काढायची, अर्ध्या तासाचं काम," असं मीच सगळ्यांना सांगत सुटलो होतो. डॉक्टर तसं कधीच म्हणाले नव्हते.

डाव्या टाचेवरचा काळा डाग मी दोन वर्षं मोडलेल्या काट्याचा समजत होतो. तो मेलानोमा निघाला. त्वचेचा कॅन्सर गोऱ्यांना, उन्हानं होतो अशी माझी समजूत. तळपायावरच्या या प्रकाराचा उन्हाशी संबंध नसतो, आणि आपल्याकडे मेलानोमा झालाच तर बरेचदा असाच तळपायाला होतो. डागाची खोली 2 मिलिमीटरच्या वर, म्हणून टाचेबरोबर जांघेतली पहिली गाठही तपासायची ठरली. पायाला लागलं की जांघेत अवधाण येतं ना, कॅन्सरच्या पेशीही त्याच वाटेनं वर चढतात, आणि त्यांना आधी लागते ती ही पहिली गाठ. डागाभोवती किरणोत्सर्गी औषध टोचलं, ऑपरेशनच्या वेळी निळा रंग, आणि ते औषध हुडकणारं यंत्र जिथं जोरात वाजलं तिथली गाठ काढली. (निळ्या रंगाचं मी विसरूनच गेलो होतो. दुसऱ्या दिवशी लघवी हिरवी झाली तेव्हा सिस्टरांना हाका मारमारून बोलावलं.)

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सही घेताना डॉक्टर मॅडमनी सगळं विचारलं होतं. वजन 94. तीन महिन्यांची साखर 8.9. बिडी? "सोडली," म्हणालो. चार दिवसांपूर्वी सोडली, हे पोटात ठेवलं. त्या म्हणाल्या, काखेपेक्षा जांघेतली जखम जास्त छळते. तिथं घाम, घडी, चालताना ताण, आणि तुमचं वजन, साखर वर. पाणी साचेल, पू होईल, पाय सुजेल. सगळ्याच गाठी काढल्या तर सूज फार. 2017 च्या एका मोठ्या अभ्यासात शंभरात 24 जणांना आली, नुसती पहिली गाठ काढून लक्ष ठेवलेल्यांत 6 जणांना. त्या सहांत आपण कशाला असू, असं मला वाटलं.

नवव्या दिवशी जांघेत लिंबाएवढा फुगा. सुईनं पिवळसर पाणी काढलं, दोन दिवसांत पुन्हा भरलं. मग जखम लाल, अंगात ताप, आठवडाभर अँटिबायोटिक. टाचेवर मांडीची कातडी लावलेली, पाय टेकवायचा नाही, तरी मी कुबड्या घेऊन कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत जात होतो. चहाला, असं घरी सांगून. साखरेमुळे झालं, वजनामुळे की त्या टपरीमुळे, हे मॅडमना विचारलं. "वेगवेगळं कसं काढणार?" एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

गाठीत कॅन्सर नव्हता. रिपोर्ट ऐकून बायको रडली, मी जांघ दाबून बसलो होतो.

आता सहा महिने झाले. दिवसभर घट्ट मोजा घालतो, तरी संध्याकाळी पाय जड होतो. दर रविवारी बायको शिवणाची टेप घेऊन दोन्ही पोटऱ्या मोजते. डावी दीड सेंटीमीटरनं जास्त भरते. बिडीचं ती विचारत नाही. शर्ट धुवायला टाकताना वास घेते.