मानेला हात कुणी लावला नाही

मानेचा पट्टा लावून काजू सोलायला बसणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती. पट्ट्यामुळे हनुवटी खाली येत नाही आणि काजूगर तर खाली ताटात. मग ती कमरेतून पुढे झुकायची आणि सुरी चालवायची, दिवसभर. कंबरही धरली होती, पण त्याबद्दल ती बोलली नाही. तिची तक्रार एकच, डोकं. मानेच्या मागे, कवटीच्या खाली डावीकडे सुरू व्हायचं, वर चढायचं आणि डाव्या डोळ्याच्या भुवईवर येऊन बसायचं. दोन वर्षं असं चाललं होतं, आणि या दोन वर्षांत दुखणं एकदाही उजव्या बाजूला गेलेलं नव्हतं.

वय ५२. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या गावातून होंड्यावरून कदंबची बस धरून ती साखळीला माझ्याकडे, फिजिओथेरपीसाठी आली. सोबत मुलगी, प्लास्टिकच्या पिशवीत चष्म्याचे दोन नंबर, सायनसचा एक्स-रे, मानेचा एक्स-रे आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवर लिहिलं होतं: सर्व्हायकल स्पॉन्डिलोसिस, म्हणजे मानेच्या मणक्यांची झीज. शॉर्टवेव्ह, आयएफटी, ट्रॅक्शन, दहा दिवस.

म्हणजे यंत्राने शेक, विजेच्या मुंग्या आणि वजन लावून मान ताणणं. अशा चिठ्ठ्या आमच्याकडे रोज येतात. बाहेरच्याला कल्पना नसते, पण या चिठ्ठीत निदान कमी आणि यंत्रांची यादी जास्त असते. लोकांनाही यंत्र हवं असतं. वायर लावल्या, मुंग्या आल्या, टायमर वाजला की उपचार झाल्यासारखं वाटतं. काही केंद्रांमध्ये तर मदतनीस मुलगीच यंत्र लावते आणि फिजिओथेरपिस्ट रुग्णाला स्पर्शही करत नाही. मला याची चीड आहे. चार-साडेचार वर्षं हाडं, स्नायू, नसा शिकायच्या, प्रेतावर मानेचे थर एकेक करून पाहायचे आणि शेवटी बटण दाबायचं. मग ते शिक्षण घेतलं कशाला?

मानेचा एक्स-रे मीही पाहिला. कडा थोड्या वाढलेल्या, एका ठिकाणी फट कमी झालेली. पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेकांच्या मानेचा फोटो असाच दिसतो, आणि त्यांतल्या कितीतरी जणांचं काहीही दुखत नसतं. शिवाय ही झीज होती खालच्या मणक्यांत. डोक्याकडे दुखणं पाठवतात ते वरचे तीन. तिकडे कुणी पाहिलंच नव्हतं. तिला मात्र सांगितलं गेलं होतं, "मणका झिजलाय, मान वाकवायची नाही, वळवायची नाही." ती घाबरून आठ महिने मान धरून जगली.

हात लावण्याआधी मी बराच वेळ प्रश्न विचारले. मुलगी थोडी कंटाळली, तरी मी ते सोडत नाही. दुखणं एकाएकी, आयुष्यात कधी नव्हे इतकं जोरात सुरू झालं का? दोन-दोन दिसतं का? बोलताना जीभ अडखळते का, गिळताना त्रास होतो का, चालताना तोल जातो का? हातापायांना बधिरपणा? ताप, वजन उतरणं? घास चावताना जबडा दुखतो का, वेणी घालताना डोक्याची कातडी दुखते का? संधिवात आहे का? यांतल्या एखाद्याही प्रश्नाचं उत्तर "होय" आलं, तर मानेचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरकडे, गरज पडली तर थेट बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवायचं. मानेतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटली तरी सुरुवातीला मान आणि डोकंच दुखतं. न्हाव्याच्या खुर्चीत बसून कडकन मान मोडून घेणाऱ्यांना हे सांगून माझा घसा सुकतो.

तिची सगळी उत्तरं "नाही". रक्तदाब ठीक होता, प्रतिक्षिप्त क्रियाही ठीक होत्या.

मग पट्टा काढला. आठ महिने झाकलेल्या त्या कातडीवर घामोळ्यांचे डाग होते.

तिला उताणं झोपवलं. हनुवटी छातीकडे नेऊन मान पूर्ण वाकवली, डोकं माझ्या पोटाला टेकवून आधार दिला. मान अशी पूर्ण वाकली की खालचे सांधे ताणून बसतात आणि वळण्याचं काम मुख्यतः पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यामध्ये उरतं. मानेच्या एकूण वळण्यातला जवळपास अर्धा वाटा या एका सांध्याचा. या स्थितीत निरोगी माणसाचं डोकं दोन्ही बाजूंना सुमारे ४४ अंश वळतं. बत्तीसच्या खाली आलं की आम्हाला शंका येते. तिचं डोकं उजवीकडे सहज गेलं. डावीकडे निम्म्यावरही गेलं नाही. दारामागे पोतं ठेवलं असेल तर दार जसं अडतं, तशी मान अडली. त्याच क्षणी तिचा हात भुवईकडे गेला.

तिला पालथं केलं आणि दुसऱ्या-तिसऱ्या मणक्याच्या डाव्या सांध्यावर अंगठा ठेवला. दाब अगदी हलका, नखाचा रंग जेमतेम बदलेल इतका. मी काही विचारण्याआधीच ती ओरडली, "हेच! हेच ते! डोळ्यावर आलं!" अंगठा तसाच धरून ठेवला. अर्ध्या मिनिटाने म्हणाली, "आता उतरतंय." अंगठा काढला, पुन्हा ठेवला. पुन्हा डोळ्यावर आलं, या वेळी कमी.

ती उठून बसली. रडेल असं मला वाटलं होतं. ती रागावली. "बाय, मान दाबल्यावर डोळ्यावर येतं हे तुला दोन मिनिटांत कळलं. मग दोन वर्षं कुणी हात का नाही लावला?"

हा प्रश्न अजून माझ्यासोबत आहे. तेव्हा मी तिला मानेचं आणि डोळ्याचं नातं समजावत बसले. मानेच्या वरच्या तीन नसा आणि चेहऱ्याची मोठी नस आपले निरोप मेंदूच्या खाली एकाच ठिकाणी पोचवतात, म्हणून मानेतली कळ कपाळावर जाणवते, वगैरे. तिने शांतपणे ऐकून घेतलं. पण तिने ते विचारलंच नव्हतं.

डॉक्टरांची बाजू मला कळते. ओपीडीत एका रुग्णाला चार मिनिटं मिळतात, त्यात डोकेदुखीवाल्याची मान कोण चाचपणार? मानेतून उगम पावणारी डोकेदुखी हा वेगळा आजार म्हणून नॉर्वेतल्या मेंदूतज्ज्ञांनी मांडला तोच १९८३ साली, आणि त्यावर अजून वाद आहेत. शिवाय अंगठ्याखाली डोळ्यावर कळ आली म्हणजे मानच दोषी, असंही नाही. नसांची ती भेटीची जागा दोन्ही दिशांनी चालते. मायग्रेनवाल्यांचीही मान दुखते, आणि दाबली तर त्यांनाही डोक्यात जाणवू शकतं. म्हणून मी एका खुणेवर थांबत नाही. बाजू कधी न बदलणं, मानेच्या हालचालीने दुखणं वाढणं, त्याच बाजूला वळण अडणं आणि वरचा सांधा दाबल्यावर नेमकं ओळखीचं दुखणं येणं, हे सगळं एकत्र जमलं तर मी मानेचं नाव घेते. हिच्यात ते जमलं होतं. चार मिनिटांत जमत नसेल तर नसो, पण दोन वर्षांच्या एवढ्या फेऱ्यांत कुणा एकाला तरी वेळ मिळायला हवा होता. आणि माझ्या पेशातल्या लोकांकडे तर वेळ होता. तिने याआधी दोन ठिकाणी शेक आणि ट्रॅक्शन घेतलं होतं. वजन लावून वीस-वीस मिनिटं मान ताणली गेली होती, अडलेला सांधा कुठला हे न पाहता.

पहिल्या दिवशी मी मान मोडली नाही, पुढेही मोडली नाही. हाताने हळूहळू सांधा हलवला आणि तिला एक पंचा दिला. न्यूझीलंडच्या ब्रायन मलिगन यांच्या पद्धतीतला हा व्यायाम आहे, आणि मला तो शिकवायला फार आवडतो, कारण तो रुग्णाच्या हातात राहतो. जाड टॉवेल घसरतो, पातळ पंच्याची कड चांगली बसते. ती कड कवटीच्या लगेच खाली ठेवायची. उजव्या गालावरून येणारं टोक डाव्या हाताने पुढे ओढायचं, दुसरं टोक उजव्या हाताने छातीशी खाली धरायचं, आणि ओढ न सोडता डावीकडे वळायचं. दुखता कामा नये. दुखलं तर कड चुकीच्या जागी आहे. तिसऱ्या प्रयत्नाला तिची हनुवटी खांद्याच्या बरीच जवळ गेली. मुलगी म्हणाली, "आई, तू मागचं दार बघू शकतेस!"

दुसरं काम मानेच्या पुढच्या, खोलवरच्या स्नायूंचं. यासाठी खास यंत्र मिळतं, मी रक्तदाबाचा जुना पट्टा घडी करून मानेखाली ठेवते. २० पर्यंत हवा भरायची आणि "हो" म्हणताना हलते इतकीच हनुवटी हलवून काटा २२, २४ असा ३० पर्यंत न्यायचा, प्रत्येक पायरीवर दहा सेकंद. तिला २२ वरही टिकता येईना. गळ्यावरचे बाहेरचे दोन स्नायू लगेच ताठ व्हायचे. आठ महिने पट्ट्याने आधार दिल्यावर आतल्या स्नायूंनी काम करायचं तरी कशाला? ऑस्ट्रेलियात ग्वेन्डोलेन ज्युल आणि सहकाऱ्यांनी २००२ साली अशाच २०० रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा आठवडे हाताचे उपचार, किंवा हे व्यायाम, किंवा दोन्ही. फायदा वर्षभरानंतरही टिकलेला होता. त्यात शॉर्टवेव्ह नव्हतं आणि पट्टाही नव्हता.

मला अवघड वाटत होत्या त्या गोळ्या. बसस्टँडजवळच्या दुकानातून ती वेदनाशामक मिश्र गोळी घ्यायची, जवळजवळ रोज. अशी गोळी महिन्यात दहा किंवा अधिक दिवस, तीन महिन्यांवर चालली, की गोळीच डोकं दुखवायला लागते. साध्या वेदनाशामकाला ही मर्यादा पंधरा दिवसांची. गोळी बंद करणं माझ्या अधिकारातलं नाही, म्हणून तिला फिजिशियनकडे पाठवलं आणि त्यांनी ती हळूहळू काढली. मधला आठवडा वाईट गेला. मुलीचा फोन आला, "तुमच्या व्यायामाने आईचं डोकं वाढलं." तिला रात्री आठला फोनवर पुन्हा सगळं समजावलं. आई येणं थांबवेल असं मला वाटलं. ती आली, पण माझ्याशी बोलली नाही, गुपचूप पंचा घेऊन बसली.

मग मी तिच्या काजूच्या कारखान्यात गेले. फिजिओथेरपिस्ट सहसा जात नाहीत आणि जायला हवं असं माझं ठाम मत आहे. भट्टीत सुकवून आलेला काजूगर बायका छोट्या सुरीने सोलतात, मजुरी किलोवर. गर तुटला तर तुकड्यात जातो, म्हणून नजर हटत नाही. तिची बसायची जागा अशी की उजेड उजवीकडच्या खिडकीतून यायचा. वर्षानुवर्षं मान खाली आणि उजवीकडे. डावीकडे वळायचं कारणच नव्हतं. अशा बाईला "दर अर्ध्या तासाने विश्रांती घ्या" हे छापील वाक्य कुठल्या तोंडाने सांगायचं? तिचा अर्धा तास म्हणजे पैसे. मालकांशी बोलले. ते वाईट बोलले नाहीत, फक्त म्हणाले की एकीला उंच टेबल दिलं की सगळ्या मागतील. मागू देत की! शेवटी ताटाखाली लाकडी खोका आला आणि तिची बैठक खिडकीच्या समोर वळली. ताट वर आलं, तशी हनुवटीही.

तीन महिन्यांनी तपासलं तेव्हा डावीकडचं वळण उजवीकडच्या जवळपास होतं. काटा २८ वर टिकत होता. डोकं महिन्यातून एखाद्या दिवशी दुखतं, पंच्याने उतरतं. चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना मी दोन पानी पत्र पाठवलं, काय तपासलं, काय सापडलं, कशाने फरक पडला. उत्तर आलेलं नाही. परवा त्यांच्याकडून आणखी एक चिठ्ठी आली. शॉर्टवेव्ह, आयएफटी, ट्रॅक्शन, दहा दिवस. मी पुन्हा पत्र लिहिलं आहे.

गेल्या आठवड्यात माझ्या याच रुग्ण मावशी, शेजारी बसून काजू सोलणाऱ्या बाईला घेऊन आल्या. "हिचंही डोकं दुखतं. हिला पण पंचा दे." मी तिला झोपवून मान वाकवली, वळवली. दोन्ही बाजूंना पूर्ण. सांधे दाबले, डोळ्यावर काही नाही. दुखणं कधी डावीकडे, कधी उजवीकडे, ठणकतं, उजेड सहन होत नाही, उलटी होते. मी म्हणाले, "हे मानेचं नाही. फिजिशियनकडे जा, मी लिहून देते." ती उठेना. "हिला दिलास, मला का नाही?" मावशींनीच तिला समजावलं, आपल्या मानेवर बोट ठेवून, अडलं होतं ते नेमकं कुठे ते दाखवत. मी चिठ्ठी लिहिली. त्यात मानेची दोन्ही बाजूंची तपासणी, कुठे दाबलं आणि काय आढळलं नाही, हे सगळं लिहिलं.