दोन वाघिणींच्या मधे

मनमाडच्या फलाटावर ताटकळणाऱ्या माणसाला मालगाडी दिसली की आपली गाडी उशिरा का, ते कळतं. बरोबर मूल असेल तर त्याला डबे मोजायला लावतात. डब्यांत पाहण्यासारखं फारसं काही नसतं, हे मान्यच. पण दोन डब्यांच्या मधली ती जेमतेम हातभर फट मात्र निरखून पाहावी अशी असते.

गाडी सुटताना इंजिनाकडून शेपटाकडे एक खडखडाट धावत जातो. प्रत्येक जोडात थोडी ढील असते, ती ताणली जाण्याचा हा आवाज. या ढिलीमुळे कोळशाच्या 58 वाघिणी, म्हणजे मालडबे, इंजिनाला एकदम हलवाव्या लागत नाहीत, एकामागून एक हलतात. तीच ढील चालकाने बेफिकिरीने वापरली, की शेवटच्या ब्रेक व्हॅनमधल्या माणसाला दणका बसतो आणि कधीकधी जोडच तुटतो.

हा जोड म्हणजे सेंटर बफर कपलर. अर्धवट मिटलेल्या मुठीसारखं ओतीव पोलादाचं डोकं, आणि त्यात खिळीभोवती फिरणारं बोट म्हणजे नकल. दोन डोकी एकमेकांवर आली की उघडी नकल आत फिरते, वरून लॉक खाली पडतं आणि काम झालं. अट एवढीच, की दोन्हींपैकी निदान एक नकल उघडी हवी. दोन्ही मिटलेल्या असतील तर नुसता धडाका होतो, जुळत काही नाही. वळणावर डोकी एका रेषेत येत नाहीत. उंचीचंही भान ठेवावं लागतं. रुळाच्या माथ्यापासून कपलरचा मध्य रिकाम्या वाघिणीत जास्तीत जास्त 1105 मिलिमीटर आणि भरलेल्या वाघिणीत कमीत कमी 1030 मिलिमीटर लागतो. हा फरक वाढला की नकलांची पकड अपुरी राहते आणि खाचखळग्यात एक डोकं दुसऱ्याखालून निसटू शकतं.

लोखंड आपोआप जुळतं, हवा मात्र हातानेच जोडावी लागते. ब्रेक पाइपचे, म्हणजे ब्रेकची हवा नेणाऱ्या नळीचे, रबरी होज एकमेकांत अडकवायचे, मग दोन्हीकडचे अँगल कॉक, म्हणजे हवेच्या तोट्या, उघडायचे, तेही सावकाश. हवा भरलेल्या बाजूचा कॉक खाडकन उघडला तर दाब एकदम उतरतो आणि तिकडचे ब्रेक लागून बसतात. सोडताना क्रम उलटा. आधी दोन्ही कॉक बंद, मग होज सुटे, मग इंजिनाने किंचित मागे दाबून ताण काढायचा आणि बाजूचा दांडा उचलायचा. कॉक बंद न करता गाडी ओढली तर होज निसटतात आणि अख्ख्या गाडीला इमर्जन्सी ब्रेक लागतो.

पण सगळ्यात वाईट चूक आवाज करत नाही. मधल्या कुठल्या तरी वाघिणीचा कॉक बंद राहतो. इंजिनातला दाबाचा काटा नीट 5 किलो (चौरस सेंटीमीटरला) दाखवतो, पुढच्या वाघिणींचे ब्रेक लागतात, मागच्या मात्र कोणाचंही न ऐकता ढकलत येतात. म्हणून शेपटाकडचा दाब स्वतंत्र बघतात. 56 वाघिणींपर्यंत तो निदान 4.8 हवा, त्याहून लांब गाडीत 4.7. शिवाय शेवटी मुद्दाम हवा सोडतात आणि पुढे इंजिनातला काटा पडतो का, ते बघतात. काटा पडला तरच नळी अखंड.

पूर्वी यार्डात प्रत्येक वाघिणीचं गाव वेगळं असे. मोठ्या यार्डांत उंचवट्यावरून, म्हणजे हंपवरून, एकेक वाघीण सोडून देत आणि रुळांचे सांधे फिरवून तिला तिच्या लाइनीत घालत. 1980 च्या दशकापासून रेल्वेने सुट्या वाघिणींची वाहतूक मागे टाकली, आणि आता पूर्ण रेक, म्हणजे वाघिणींची अख्खी माळ, एकाच ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातो. नाशिक जिल्ह्यातही तसंच. पानेवाडीच्या तेल डेपोंचे टँकर, एकलहऱ्याच्या वीज केंद्राचा कोळसा, मनमाडच्या अन्न महामंडळाच्या कोठारांचं धान्य, सगळं रेकवार. पेट्रोलच्या टँकरना धक्का देऊन सोडायची मनाईच आहे, इंजिनाने हळू नेऊन ठेवायचे.

एकेक वाघीण वेगळी काढणं उरलं ते आजारी वाघिणींपुरतं. तपासनीस, म्हणजे टीएक्सआर, गरम झालेला ॲक्सल, तुटलेली स्प्रिंग, सपाट झालेलं चाक शोधतो आणि वाघिणीवर ‘सिक’ची खूण करतो. ती नेमकी मधे असली की पंचाईत. तिच्या मागून गाडी तोडायची, पुढचा भाग तिच्यासकट ओढायचा, तिला सिक लाइनीत ठेवायचं आणि परत येऊन मागच्या भागाला जोडायचं. मागचा भाग तोवर हँडब्रेक लावून आणि चाकांखाली पाचर घालून बांधून ठेवतात, कारण हवेचा ब्रेक गळतीनं काही तासांत ढिला पडतो. वाघीण उभी आहे म्हणजे थांबली आहे, असं समजणारा नवखा असतो.

टिपलरवर, म्हणजे वाघीण उलटी करून रिकामी करणाऱ्या यंत्रावर, कोळसा ओतताना तर एकेक वाघीण सुटी करावी लागते. एका रेकमागे पन्नासाहून जास्त जोड सोडायचे आणि परत जुळवायचे.

जोडाची खरी परीक्षा कसारा ते इगतपुरी घाटात. चढ 37 मीटरला 1 मीटर. नुसतं पुढून ओढलं तर सगळ्या गाडीचा भार पहिल्या वाघिणीच्या कपलरवर येईल. म्हणून मागून बँकर इंजिनं लावून ढकलतात, इगतपुरीला ती सुटतात. तरीही वाटेत नकल तुटलीच, तर इंजिनात जादा ठेवलेली बसवायची. ती पस्तीसेक किलोची असते, एकट्याने उचलून खिळीत बसवणं नको वाटतं. शेवटच्या डब्यामागे ‘एलव्ही’ची, म्हणजे ‘लास्ट व्हेइकल’ची, पाटी असते ती याचसाठी. गाडी स्टेशनावरून गेली आणि ती पाटी दिसली नाही, तर काही वाघिणी मागे राहिल्या असण्याची शक्यता धरून तिथली लाइन मोकळी मानत नाहीत.