पासबुकातली अर्धी ओळ

आमच्या तालुक्यातल्या एका पतसंस्थेचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. अकरा मशिनं, सगळी इंटेलच्या सहाव्या पिढीची. विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 ला इंटेलची किमान आठवी पिढी आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते. धडधाकट मशिनं भंगारात घालणं मला पटेना, पैसा शेवटी सभासदांचा. हिशेबाचं सॉफ्टवेअर ब्राउझरमध्येच चालतं, मग विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम का नको?

आधी माझ्या लॅपटॉपवर करून पाहिलं, व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे विंडोजच्या आतच दुसरं, आभासी (व्हर्च्युअल) मशिन चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये. सुरुवातीलाच यादीत फक्त 32-बिटचे पर्याय. बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, व्हीटी-एक्स (व्हर्च्युअल मशिनला लागणारी प्रोसेसरची सोय) बंद होतं. ते चालू केलं, तर खालच्या पट्टीत हिरवं कासव आलं. कासव दिसलं की समजायचं, व्हर्च्युअल मशिन चालवणारा विंडोजचा स्वतःचा हायपर-व्ही आधीच जागा धरून बसलाय आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्या आडून काम करावं लागतंय. तो काढल्यावर मिंट मोकळं पळायला लागलं. स्नॅपशॉट, म्हणजे मशिनची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवणं, ही तर मला या कामातली सगळ्यात देखणी सोय वाटते. नेटवर्कची सेटिंग मी तीनदा मुद्दाम मोडली आणि तिन्ही वेळा मिनिटाभरात होतं तिथे परत आलो. इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीत शिफ्ट धरून जे, मग डी, असं करत ‘कऱ्हाड’ आणि ‘वऱ्हाड’ बिनचूक उमटले. तेव्हा मनापासून आनंद झाला.

चेअरमनसाहेबांनी पाहिलं आणि म्हणाले, “झालं की! सोमवारपासून टाका.” पडद्यावर चाललं म्हणजे काम झालं, ही समजूत मी बऱ्याच पदाधिकाऱ्यांत पाहिली आहे.

काउंटरवरच्या काकू मात्र म्हणाल्या, “पासबुक छापून दाखव.”

“काकू, ही बघा ना पीडीएफ, ओळ न् ओळ जागेवर आहे.”

“पीडीएफ खातेदाराच्या हातात देणार आहेस का?”

शनिवारी काउंटर बंद झाल्यावर त्यांच्या मशिनला पेनड्राइव्ह लावून मिंट चालू केलं. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर ओळखला गेला, चोवीस पिनांचा ड्रायव्हर मिळाला. काकूंनी स्वतःचं पासबुक पुढे केलं. पानावर 19 नोंदी होत्या. विसावी नोंद एकोणिसाव्या नोंदीच्या शिल्लक रकमेवरच अर्धी चढून बसली. आकडा वाचता येईना. काकू काही बोलल्या नाहीत, त्यांनी पान उजेडात धरून पाहिलं.

व्हर्च्युअल मशिनचं नेटवर्क कार्ड बनावट असतं हे मला माहीत होतं, म्हणून खरं वायफाय वेगळं तपासायचं हे वहीत लिहूनही ठेवलं होतं. कागदाचं मात्र डोक्यातच आलं नाही.

कारण रात्री सापडलं. पासबुकात एका इंचात 6 ओळी बसतात. ब्राउझर समास सांभाळायला पान 97 टक्क्यांवर आणत होता. पहिल्या दोन-तीन ओळींत ते कळतही नाही, विसाव्या ओळीपर्यंत मात्र अर्ध्या ओळीहून जास्त फरक पडतो. प्रमाण 100 केलं तर ड्रायव्हरचा वरचा समास आडवा आला. मग पट्टीने पासबुक मोजून प्रिंटरच्या सेटिंगमध्ये त्याच मापाचा कागद तयार केला. कोऱ्या कागदावर आता शेवटच्या ओळीपर्यंत बरोबर येतं. खऱ्या पासबुकात मधल्या शिवणीपाशी काही ओळी सोडाव्या लागतात, आणि ती मांडणी सॉफ्टवेअरवाल्यांच्या हातात. फोनवर त्यांचं एकच उत्तर, “लिनक्सला सपोर्ट नाही.” आपलं सॉफ्टवेअर कुठल्याही ब्राउझरवर चालतं असं सांगून विकायचं आणि कागदाचं एक माप द्यायचं नाही, याचा मला अजून राग येतो.

काकूंच्या त्या पानावर शिल्लक पेनने लिहून मॅनेजरची सही घेतली आहे. दहा मशिनांवर मिंट चालू झालं, काउंटरचं तेवढं राहिलंय. येत्या शनिवारी काकू भरलेल्या जुन्या पासबुकांचा गठ्ठा काढून ठेवणार आहेत. मी पट्टी घेऊन जातोय.