हॅवलॉकला छोट्या हॉटेलात राहताय? आधी ओहोटीचा फोटो मागवा

अंदमानातल्या हॅवलॉक बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्र दिसणाऱ्या खोलीसाठी एक रुपयाही जादा देऊ नका. पुढचं काही वाचलं नाहीत तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा. आमच्याकडून रात्रीमागे चौदाशे रुपये जादा घेतले गेले. त्या पैशांत दुपारभर समोर दिसत होता तो चिखल, मेलेल्या पोवळ्यांचे काळे दगड आणि तिरक्या टेकलेल्या रिकाम्या होड्या. पाणी होतं, पण क्षितिजाच्या अलीकडे एक निळी रेघ, एवढंच.

मुलाची बारावीची परीक्षा संपली आणि मार्चअखेरीला आम्ही तिघं निघालो. मोठ्या टूरबरोबर जायचं नव्हतं. सकाळी सहाला बॅगा बाहेर, रात्री ठरलेला बुफे, हे नको होतं. दहा-बारा कॉटेजचं, मालक स्वतः गल्ल्यावर बसतो असं एखादं हॉटेल हवं होतं. अंदमानात अशी हॉटेलं भरपूर आहेत आणि हा विचार मी अजूनही बरोबरच मानतो. फक्त ती निवडायची कशी, हे आधी कुणी सांगितलं नाही, म्हणून लिहितोय.

आधी बेटाची रचना समजून घ्या. सरकारी नाव 2018 पासून स्वराज द्वीप, पण जेट्टीपासून बाजारापर्यंत सगळे हॅवलॉकच म्हणतात. जेट्टी उत्तरेला. तिथून बाजार जवळच, आणि बाजारातून दोन रस्ते फुटतात. एक पूर्व किनाऱ्याने विजयनगरकडे, म्हणजे पाच नंबरच्या बीचकडे, आणि पुढे कालापत्थरला जातो. दुसरा बेट ओलांडून पश्चिमेला राधानगरला, म्हणजे सात नंबरला. बहुतेक छोटी हॉटेलं पहिल्या रस्त्यावर, गोविंदनगर ते विजयनगर या पट्ट्यात आहेत, आणि तुमच्या मोबाइलवर जे ‘बीचफ्रंट’ येतं ते नव्वद टक्के इथलंच असतं.

या पट्ट्यासमोर समुद्राचा तळ लांबवर उथळ आहे. वाळूचा उतार नाही, प्रवाळाचं सपाट पठार आहे. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, इथली भरती-ओहोटी दोन मीटरच्या आसपास जाते, आणि पाणी दोन मीटर उतरलं की ते पठार उघडं पडतं. आपल्या कोकणात ओहोटीला पाणी मागे गेलं तरी चार पावलं जास्त चालून पोहता येतं. इथे तसं होत नाही. आम्ही पोचलो तेव्हा पौर्णिमा तोंडावर होती. दुपारी तीनला मुलगा गॉगल-स्नॉर्केल घेऊन निघाला. दहा मिनिटं चालला तरी पाणी गुडघ्याच्या वर येईना. मध्ये काळ्या समुद्रकाकड्या (काकडीसारखे दिसणारे समुद्री प्राणी) पसरलेल्या, फटींमध्ये सुरीसारखी धार असलेले दगड. परत येताना घोट्याजवळ कापलं. पोवळ्याची जखम बरी व्हायला वेळ लागतो. सबंध सुट्टीभर ती चिघळत राहिली. जाड तळव्याचे पाण्यातले बूट तुमच्याकडे असतीलच, ते बॅगेत नाही, पायात ठेवा. आणि जिवंत पोवळ्यांवर पाय देऊन पुढे जाऊ नका. पायही कापतो आणि पोवळंही मरतं.

हॉटेलच्या फोटोंत मात्र नारळाच्या बुंध्यापर्यंत पाचूसारखं पाणी होतं. तो फोटो खोटा नव्हता. सकाळी नवाच्या सुमारास पाणी खरोखर तिथपर्यंत आलं. मी मॅनेजरला विचारलं, तर म्हणाला, ‘सर, सुबह देखिए ना, कितना सुंदर है.’ सुंदर होतंच. पण त्या हॉटेलची खोली सोडायची वेळ सकाळी साडेसात! निघायच्या दिवशी समोर भरती चढत होती आणि आम्ही बॅगांवर बसलो होतो. आमची बोट दुपारी. खोली दुपारपर्यंत ठेवायची तर अर्ध्या दिवसाचं भाडं मागितलं.

साडेसात-आठचं चेकआउट अंदमानात सर्रास आहे, कारण सगळा कारभार बोटींच्या वेळांवर चालतो. नियम म्हणून मला तो मान्य आहे. पण बुकिंग करताना तो कुठेही ठळक दिसत नाही, ‘चेकआउट मॉर्निंग’ एवढंच लिहिलेलं असतं, आणि तिथेच फसवणूक सुरू होते. फोनवर तीन गोष्टी विचारा आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लिहून घ्या: खोली किती वाजता सोडायची, बोट दुपारची असेल तर सामान कुठे ठेवायचं, आणि अंघोळीला एखादी खोली मिळेल का. चांगला मालक तिन्हींची उत्तरं पाच मिनिटांत देतो. जो ‘आइए सर, सब हो जाएगा’ म्हणतो त्याच्याकडे जाऊ नका.

आता भरतीचा हिशेब, कारण सगळं त्याच्यावर आहे. कोकणातली माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. ते गणित इथे चालत नाही, अंदमानच्या वेळा वेगळ्या आहेत. पण घरातल्या कॅलेंडरवरची तिथी तरीही उपयोगी पडते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती साधारण सकाळी नऊ-दहाला आणि ओहोटी दुपारी तीन-चारला, म्हणजे तुम्ही बोटीतून उतरून, जेवून, पोहायला निघता नेमकी तेव्हा. अष्टमीच्या आसपास उलट: दुपारी पाणी भरलेलं असतं आणि भांग, म्हणजे उधाणाच्या उलट कमी चढ-उताराची भरती, असल्यामुळे ओहोटीही फार लांब जात नाही. पूर्व किनाऱ्यावर राहायचंच असेल तर अष्टमी धरून जा. नेमक्या वेळा पोर्ट ब्लेअरच्या नावाने नेटवर मिळतात; दर दिवशी साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकतात. पोर्ट ब्लेअरचं नाव 2024 मध्ये श्री विजयपुरम झालं आहे, शोधताना दोन्ही नावं टाकून पाहा.

हॉटेलवाल्याकडे ओहोटीच्या वेळचा फोटो मागायचा. आढेवेढे घेतले तर पाहुण्यांनी टाकलेले फोटो बघा, हॉटेलने टाकलेले नाही. एक आणि दोन तारे दिलेले अभिप्राय आधी वाचा, त्यांत ‘लो टाइड’ शोधा. आणखी एक खूण: पूर्व किनाऱ्यावर सूर्य पाण्यातून वर येतो, तेव्हा फोटोत पाण्यावर कोवळं ऊन समोरून येत असेल तर तो सकाळचा. सगळेच फोटो सकाळचे असतील तर दुपारी काय दिसतं ते समजून घ्या.

बिलाबद्दल सविस्तर लिहितो, कारण निघायच्या दिवशी मी काउंटरवर अर्धा तास उभा होतो. खोलीचं भाडं अठ्ठेचाळीसशे, तीच खोली बागेकडे तोंड करून चौतीसशे. त्यावर बारा टक्के जीएसटी. त्यावर दहा टक्के सेवा शुल्क. शिवाय जेट्टीवरून आणल्याचे सहाशे, जे फोनवर ‘कॉम्प्लिमेंटरी’ होते. आता ऐका. 22 सप्टेंबर 2025 पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी पाच टक्के आहे, बारा नाही. बिलावर पंधरा अक्षरा-आकड्यांचा जीएसटी क्रमांक नसेल तर तो कर घेण्याचा त्या हॉटेलला अधिकारच नाही. छोटी हॉटेलं पुष्कळदा नोंदणीच्या मर्यादेखाली असतात आणि तरी कर लावतात. सेवा शुल्क तर पूर्ण ऐच्छिक. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. मी हे सगळं शांतपणे सांगितलं आणि 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर फोनवर लावून ठेवला. सेवा शुल्क लगेच निघालं. कराचा फरक बराच वेळ कुरकुर करून निघाला. जेट्टीचे सहाशे शेवटपर्यंत निघाले नाहीत, कारण ते कुठे लिहिलेलं नव्हतं. म्हणून म्हणतो, लिहून घ्या.

नाताळ आणि 31 डिसेंबरला जाणाऱ्यांनी ‘गाला डिनर’ सक्तीचं आहे का हे माणशी रकमेसह आधीच विचारावं. ते खोलीच्या भाड्यात धरलेलं नसतं.

मग राहायचं कुठे? मुख्यतः पोहायचं असेल तर राधानगर. वाळू, उतार, लाटा, आणि ओहोटीतही पाणी. पश्चिमेला असल्यामुळे सूर्यास्तही तिथेच. पण राधानगरजवळ छोटी हॉटेलं मोजकी, रात्रीच्या जेवणाला पर्याय कमी, आणि साडेपाचला अंधार पडायला लागतो, कारण घड्याळ मुंबईचं आणि सूर्य पार पूर्वेचा. बाजारातून राधानगर दहा-बारा किलोमीटर. संध्याकाळी परतीला रिक्षा मिळेलच असं नाही, मिळाली तर सांगेल तो भाव. स्कूटर चालवता येते हे धरून चालतो; ती सकाळीच ताब्यात घ्या, दिवा आणि ब्रेक तिथेच तपासा, जुन्या ओरखड्यांचे फोटो मालकासमोर काढा.

डायव्हिंग करणार असाल तर उलट, गोविंदनगर ते विजयनगर, म्हणजे तीन ते पाच नंबरच्या पट्ट्यातच राहा. डायव्हिंगवाल्यांची दुकानं तिथे, पहाटे तिथूनच निघायचं. पण खोली बागेकडची घ्या. समुद्र तुम्ही होडीतून बघणारच आहात.

आम्ही दुसऱ्या टप्प्यात किनारा सोडला आणि आतल्या गावात, एका बंगाली कुटुंबाच्या चार-पाच खोल्यांच्या घरगुती हॉटेलात गेलो. पन्नासच्या दशकात पूर्व बंगालमधल्या निर्वासितांना या बेटावर जमिनी देऊन वसवलं गेलं, त्यांतलंच हे घर. मागे सुपारीची बाग, तळं, समुद्र अजिबात नाही. भाडं बावीसशे. बौदी, म्हणजे घरच्या वहिनी, स्वतः रांधायच्या. पहिल्या दिवशी बॅग ठेवायच्या आधीच त्यांनी पूर्व किनाऱ्याबद्दल सांगितलं, ‘आज इधर पानी नहीं मिलेगा, चार बजे राधानगर जाइए, कल सुबह आठ बजे यहाँ.’ हे एक वाक्य पहिल्या हॉटेलात कुणी उच्चारलं असतं तर मुलाचा पाय वाचला असता. माशाची आमटी, गरम भात आणि खरं बोलणारा माणूस, हॅवलॉकमध्ये पैसे यासाठी मोजा.

तिथेही काही गोष्टी तपासायच्याच. वीज जाते, जनरेटरवर दिवे-पंखे चालतात, एसी बहुतेकदा नाही. ‘पॉवर बॅकअप आहे’ यावर थांबू नका, एसीला आहे का ते विचारा. बांबूच्या झोपड्या फोटोत छान दिसतात, पण भिंतींना फटी असतात आणि मच्छरदाणी फाटकी असली की झोप गेली. वाळूतल्या बारीक माश्या संध्याकाळी पायांना चावतात, खाज आठवडाभर जात नाही. खोबरेल तेल लावून बसलो तेव्हा कमी चावल्या. 2020 मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आल्यापासून फोन बरा चालतो, पण पाऊस-वादळात यूपीआय अडलं तर हातात रोकड हवी.

पोर्ट ब्लेअरचे दिवस उत्तम गेले. सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीपर्यंत जाऊन आलो. त्यावर पुष्कळांनी लिहिलंय.

नील, म्हणजे शहीद द्वीप, हॅवलॉकहून लहान आणि सोपं. भरतपूर बीच जेट्टीला लागून, लक्ष्मणपूरला सूर्यास्त, सीतापूरला सूर्योदय. इथेही भरतीचाच हिशेब, उलट लक्ष्मणपूरचा नैसर्गिक दगडी पूल बघायला ओहोटीच लागते. नीलला हॉटेलवाल्याला एकच प्रश्न विचारा: पाणी किती वेळ येतं? मार्चनंतर गोड्या पाण्याची ओढाताण सुरू होते. आमच्या शेजारच्या हॉटेलात साबण लावल्यावर नळ कोरडा पडला आणि एक कुटुंब बादली घेऊन आमच्याकडे आलं.

बुकिंगचा क्रम असा ठेवा: आधी बोटीची तिकिटं, मग हॉटेल. खाजगी बोटींच्या वेळा ठरल्याशिवाय चेकआउटचं गणित जमत नाही, आणि सरकारी बोटीचं तिकीट ऐनवेळी मिळेल या भरवशावर राहू नका. मे ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो, बोटी रद्द होतात. त्या दिवसांत जाणार असाल तर बोट रद्द झाल्यास हॉटेल पैसे परत देणार की तारीख बदलून देणार, हे आगाऊ रक्कम पाठवण्याआधी विचारा. आगाऊ रक्कम एका रात्रीच्या भाड्यापेक्षा जास्त पाठवू नका. आम्ही भाडं आधीच पूर्ण भरलं होतं, म्हणूनच पहिल्या दुपारी चिखल बघूनही तिथून उठता आलं नाही.